नासपतीखालची दोन अक्षरं

शेवटच्या प्रुफावर नासपतीची नोंद वाचता वाचता बाईंची कानशिलं तापली.

व्युत्पत्तिकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे 'फळवाली' म्हणत, कारण आदिस्लाव्ह भाषेतली फळं त्यांच्या वाट्याला आली होती. ही भाषा कुणी लिहून ठेवलेली नाही. पतवंडांच्या चेहऱ्यांवरून पणजीचं नाक ताडावं, तशी ती आजच्या रशियन, पोलिश अशा लेकीभाषांवरून ताडायची. म्हणून तिच्या प्रत्येक शब्दाआधी एक तारा. नासपतीची 'ग्रुशा' आणि 'क्रुशा' ही दोन्ही स्त्रीलिंगी रूपं बाईंनी ताऱ्यासकट दिली होती. मूळ? चार महिने धुंडाळून त्यांनी लिहिलं होतं : 'बहुधा पूर्वेकडून उसना, नक्की सांगता येत नाही.'

आता तिथे होतं : 'मूळ निश्चित. चुरणे या अर्थाच्या क्रियापदापासून.' ग्रुशा गायब. खाली आद्याक्षरं मात्र बाईंचीच.

त्या तरातरा मुख्य संपादकांच्या टेबलाशी गेल्या. "सर, हे कुणी केलं?"

"मी. दर दुसऱ्या नोंदीला 'सांगता येत नाही'! लोक कोश काय आपलं अज्ञान वाचायला घेतात?"

"आणि ग्रुशा कुठे गेली?"

"ती त्या क्रियापदाशी जुळत नव्हती."

"जुळत नव्हती म्हणून घराबाहेर काढलीत?"

शेजारच्या टेबलावर मुद्रितशोधक काकांनी मान वर केली.

"बाई, एका फळावरून एवढा थयथयाट?" सर म्हणाले.

"तुमचा शोध, तर तुमची आद्याक्षरं." बाईंनी आपली दोन अक्षरं लाल पेनाने खोडली आणि पेन त्यांच्यापुढे आपटलं. "घाला."

सर हसले. "माझी कशाला? कोश सगळ्यांचाच."

"आद्याक्षरांशिवाय नोंद छापायला जात नाही, सर," काका म्हणाले. "नियम तुमचाच. घालू तुमची?"

सरांनी पेन उचललं. नोंद वाचली, पुन्हा वाचली. मग टोपण लावून पेन बाजूला ठेवलं.

"राहू द्या. आधीचंच छापा. झालं समाधान?"

बाईंचा राग उतरायचा तो आणखी चढला. जे स्वतःच्या नावावर छापायची छाती नव्हती, ते या माणसाने बिनदिक्कत त्यांच्या नावावर खपवलं होतं.

"काका, सफरचंद, चेरी, आलुबुखार, माझी आद्याक्षरं असलेली सगळी प्रुफं काढा. माझ्या हस्तलिखितासकट. आणखी काय काय बदललंय ते ताडून बघू."

"अहो, छपाई परवावर आलीय!" सर ओरडले.

"मग खुर्ची ओढा," बाई म्हणाल्या, "आणि हस्तलिखित मोठ्याने वाचा."