मेणाची वडी

विठाबाईच्या काळजात अठरा वर्षं एक काटा रुतून बसला होता. लेक त्रिवेणी अंडाशयाच्या कॅन्सरनं खंगलेली, आणि पोरीनं हट्टच धरला की दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं. डॉक्टर नको म्हणाले, तरी विठाबाईनं नेलं. त्यापायी केमोचा तिसरा डोस आठ दिवस लांबला. पुढं औषध लागूच पडेना आणि फेब्रुवारीत पोर गेली. आपणच मारली, हे म्हातारीनं मनाशी पक्कं केलं. कुणी समजवायला गेलं की फटकन म्हणायची, नक्को शिकवू मला.

काचीगुड्याच्या दोन खोल्यांत तिनं नात वाढवली. तीच दीक्षा आता प्रयोगशाळेत याच रोगावर काम करते. त्रिवेणीच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत बसवून दवाखान्यानं घरी दिला होता. विठाबाईनं तो वंदनेच्या मेणबत्त्यांच्या डब्यात जपला. यंदा दीक्षानं तो मागितला, तेव्हा म्हातारी करवादली, अठरा उन्हाळे खाल्लेल्या मेणात काय डोंबल उरलं असणार? पण दिला.

खरंच, प्रथिनं कशी बनवायची हे सांगणाऱ्या, पेशीतल्या लांबलचक निरोपांचा केव्हाच चुरा झाला होता. पण बावीस-बावीस अक्षरांचे चिमुकले आरएनए तग धरून होते. प्रथिनं न बनवणाऱ्या असल्या मजकुराला शास्त्रज्ञ एके काळी अडगळ म्हणत. आता कळलंय, कुठला निरोप चालू द्यायचा नि कुठला दाबायचा, यात त्यांचाच मोठा हात.

रविवारी दीक्षानं आजीपुढं लॅपटॉप उघडला. पडद्यावर लाल-निळ्या चौकोनांची एक ओळ होती, त्या तुकड्यात कुठला आरएनए जास्त नि कुठला कमी ते दाखवणारी.

"आजी, ही ओळ आईची."

विठाबाईनं पदराला हात पुसले, मगच पडद्याला बोट लावलं. तिच्या मनात आलं, माणूस जातं आणि त्याचं इतकुसं काही बोलायचं थांबत नाही, अगं माय, हे आक्रीतच.

"औषधाला न जुमानणाऱ्या गाठींत आम्हाला जी खूण दिसते, ती हिच्यात आहे," दीक्षा म्हणाली. "एका तुकड्यावरून छातीठोक नाही सांगता येत. पण हा तुकडा ऑपरेशनच्या दिवसाचा आहे."

म्हातारीनं बोटांवर महिने मोजले.

"नागपूरच्या आधीचा?"

"दोन महिने आधीचा. खूण तेव्हाच होती."

विठाबाई पडद्याला हात लावून हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून, अठरा वर्षांत पहिल्यांदाच, तिनं नातीला नागपूरचं सांगायला घेतलं. त्रिवेणी गर्दीत कशी भराभर चालली, दीक्षासाठी तिनं चित्रांचं पुस्तक कसं निवडलं, आणि परतताना गाडीत किती हसत होती.