धाकटीचा कप्पा

आमच्या पाळणाघरात मूल सोडायची एक रीत आहे. आई दारात आली की आमच्यातली एकजण मुलाला कडेवर घेऊन माशांच्या टाकीपाशी जाते, "तो बघ लाल मासा, कसा शेपटी हलवतोय," म्हणते, आणि तेवढ्यात आई नजर चुकवून पसार होते. मूल वळून बघतं तर दार बंद. थोडा वेळ भोकाड पसरतं, मग गप्प होतं. इतकी वर्षं हे निभावलं, कारण संध्याकाळी आई न्यायला येणार हे त्या मुलांना पक्कं ठाऊक असायचं.

मग मागच्या इमारतीत घरदार सोडून पळून आलेली कुटुंबं राहायला आली आणि त्यांची मुलं आमच्याकडे आली. रीत मात्र तीच राहिली. आम्ही मोजून चारजणी, मुलं खंडीभर, कुणाची भाषा कुणाला कळत नाही. नवीन रीत काढायला सवड कुणाला होती?

मुंगी त्यांच्यातलीच, जेमतेम चार वर्षांची. हे नाव मीच पाडलं. पोरगी समोर येईल त्यातलं अर्धं खायची आणि अर्धं खिशात साठवायची. फ्रॉक बदलायला घेतला की खिशातून पावाचे तुकडे पडायचे आणि मी वैतागायचे. एकदा तिच्या आत्याने दुभाष्या बाईकडून सगळं सांगितलं. पळून येताना वाटेत कुठेतरी आईने मुंगीच्या हातात पाव ठेवला आणि ती खात असताना पाणी आणायला म्हणून गेली. ती परत आलीच नाही. मुंगीने पाव सगळा संपवला होता, आईसाठी काहीच ठेवलं नव्हतं. तेव्हापासून ती अख्खं काही खातच नाही. त्यानंतर मी खिशांवरून वैतागणं सोडलं.

ते ऐकून धाकटी मोरीत जाऊन रडली. धाकटी म्हणजे आम्हा चौघींतली सगळ्यात लहान, लग्नाला वर्षही न झालेली. मुंगी जेवायची ती फक्त तिच्या हातून. मी घास पुढे केला की ओठ घट्ट मिटून घ्यायची, जशी काही मी विषच कालवलंय. धाकटीला त्याचं आधी कौतुक वाटायचं, मग ओझं वाटायला लागलं. सुट्टीच्या दिवशी पोरगी उपाशी असेल या विचाराने तिला घरी घास उतरेना. झोप उडाली. एका दुपारी ती एका लहानग्यावर एवढ्या जोरात ओरडली की सगळी खोली चिडीचूप झाली.

आमची मनं सांभाळायला दर शुक्रवारी एक समुपदेशक बाई येतात. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर आम्हाला गोल करून बसवतात आणि डोळे मिटायला लावतात. मी डोळे मिटले की घोरते, म्हणून मला त्यांनी सूट दिली आहे. पण बाई मनाने चांगल्या. त्या शुक्रवारी त्यांनी धाकटीकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "तू उद्यापासून रजेवर. पुढच्या बुधवारपर्यंत इकडे फिरकायचं नाही. बहिणीच्या गावी जा आणि फोन बंद ठेव."

"आणि मुंगी?"

"तिला सांगून जा. समोर बसून, नीट निरोप घेऊन."

धाकटीने माझ्याकडे बघितलं. "मावशी, ती रडली तर माझा पाय निघायचा नाही हो."

"मग ती दुपारी झोपली की नीघ," मी म्हणाले. "आपण नेहमी करतो तसंच."

बाईंना ते पटलं नाही, तोंडावर दिसत होतं. पण त्यांना पुढच्या पाळणाघरात जायचं होतं.

मुंगी उठली आणि रडली नाही. तिने मोरीचं दार ठोठावलं, खाली वाकून फटीतून बघितलं. मग येऊन आमच्या चपला-बुटांच्या कप्प्यांसमोर बसली. धाकटीच्या कप्प्यात तिच्या इथे घालायच्या चपला होत्या, त्यांच्याकडे बघत राहिली. त्या संध्याकाळी मला स्वतःचा भयंकर राग आला.

शनिवारी ती माझ्या हातून चार घास जेवली. उरलेला पाव खिशात नाही ठेवला, धाकटीच्या कप्प्यात ठेवला; सोमवारीही तेच केलं. झाडणाऱ्या बाईला मी दटावलं, त्या कप्प्याला हात लावशील तर बघ. "अहो, मुंग्या लागतील," ती म्हणाली. "एक लागलीच आहे," मी म्हणाले, आणि दोघींनाही हसू आलं नाही. मी येता-जाता मुंगीला हातवारे करून सांगायचे, येणार आहे गं ती, येणार आहे. ती माझ्या तोंडाकडे नुसती बघायची.

मग सोमवारीच आत्या दुभाष्या बाईला घेऊन आली. त्यांना दुसऱ्या शहरात घर मिळालं होतं, गाडी मंगळवारी. धाकटी येणार बुधवारी.

"एक दिवस थांबता नाही येणार?"

"गाडी त्यांच्या मर्जीची नाही," दुभाष्या बाईने सांगितलं. आत्या माझी नजर चुकवत होती.

मी धाकटीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, दिवसभर लावत राहिले. बहिणीचं गाव माहीत होतं, घर माहीत नव्हतं. शेवटी समुपदेशक बाईंना फोनवर गाठलं. त्या म्हणाल्या, "मीच बंद ठेवायला लावला हो." मी भांडायच्या तयारीत होते, पण तो आवाज ऐकून भांडवेना.

मंगळवारी गाडी दारात उभी होती. वाटेत खायला म्हणून मी मुंगीच्या हातात एक पाव दिला. बूट घालायला ती कप्प्यांकडे गेली आणि बराच वेळ आली नाही, तेव्हा आत्याने हाक मारली. मी तिला माशांच्या टाकीपाशी नेलं नाही. दारात उभी राहून हात हलवला, गाडी वळेपर्यंत. तिने हात हलवला नाही, मागच्या काचेतून बघत राहिली.

बुधवारी धाकटी आली. गाल भरलेले, डोळ्यांखालचं काळं गेलेलं. बाईंचं खरं होतं, तिला विश्रांती हवीच होती.

"कुठाय माझी मुंगी?" ती दारातूनच म्हणाली.

मी सांगितलं. ती रडेल म्हणून मी पुढे झाले, पण ती रडली नाही. "बरं," म्हणाली आणि सवयीने चपला घ्यायला कप्प्याकडे वाकली.

चपलांवर पावाचे तुकडे रचलेले होते. तिने ते एकेक करून ओंजळीत घेतले. खालचे दगडासारखे कडक झाले होते, त्यावरचे जरा कमी. सगळ्यात वर मी वाटेसाठी दिलेला पाव होता. अख्खा, आणि अजून मऊ.