हंबीररावांनी कुलपात घातलेलं तेल

माझे धाकटे दीर हंबीरराव यांना मोटारीतलं सगळं कळतं. आजवर त्यांनी मोटार चालवलेली नाही, पण एवढ्या तेवढ्यानं त्यांचं ज्ञान अडत नाही. उचगावात आमची घरं शेजारी शेजारी आहेत, मधे कमरेएवढी भिंत. माझ्या दारात गाडीचा आवाज जरा वेगळा आला की भिंतीपलीकडून त्यांची मान वर येते.

यजमान गेल्यावर पन्नासाव्या वर्षी मी गाडी शिकले. ते असताना त्यांनी मला कधी चावीला हात लावू दिला नव्हता. आता रोज त्याच गाडीनं शाहूपुरीतल्या शाळेत जाते. तिथल्या विज्ञान प्रयोगशाळेत मी सहायक आहे. हंबीररावांच्या मते ही माझी हौस. रिक्षा असताना बाईमाणसानं गाडी काढायची, म्हणजे भावाची वस्तू झिजवायची, असं ते बाहेर बोलतात. मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं बोलतात, म्हणून मला माहीत.

गेल्या महिन्यात गाडीची चावी अडकायला लागली. आत जायची, पण फिरताना कुरकुर करायची. एका सोमवारी ती फिरेचना. घड्याळात दहा वाजून गेलेले. मी दोनदा जोर लावला तेवढ्यात हंबीरराव हजर. हातात खोबरेलाची बाटली. मागं त्यांची बायको अनुजा, ओल्या हातानं, कारण तिला भांडी सोडून यायला लावलं होतं.

"वैनी, बाजूला व्हा. बायकांच्या हाताला चावीचा जोर कळत न्हाय."

मी बाजूला झाले. ही माझी चूक, आणि ती मी मान्य करते. त्यांनी बाटली तिरकी करून कुलपात तेल सोडलं, थोडं सीटवर सोडलं, मग चावी फिरवली. फिरली. त्यांनी अनुजाकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, आणि शेवटी माझ्याकडे बघितलं. संध्याकाळी दूध घालायला आलेल्या माणसानंसुद्धा मला विचारलं, "हंबीररावांनी गाडी दुरुस्त केली म्हणं?"

ती चार दिवस चालली. पाचव्या दिवशी चावी पहिल्यापेक्षा घट्ट. हंबीररावांनी या वेळी शिलाई मशीनचं तेल आणलं. त्यानं काही होईना म्हटल्यावर पक्कड आणली. पक्कडीत चावी धरून त्यांनी असा हिसका दिला की चावी फिरली खरी, पण जराशी वाकडी झाली. ती वाकडी चावी माझ्या हातावर ठेवत ते म्हणाले, "संपली गाडी. कुलूप गेलं की सगळं वायरिंग जातंय. मी आदर्शला फोन केलाय."

आदर्श माझा मुलगा. पुण्यात असतो, इंजिनियर आहे. काचेवर मारायचं पाणी संपलं तरी याची गाडी सर्व्हिसिंगला जाते. त्याचा फोन आलाच.

"आई, काका म्हणतायत लॉक जाम झालंय. आता कशाला धडपड? विकून टाक, रिक्षानं जात जा."

"तू बघितलंस का लॉक?"

"काकांनी बघितलंय ना."

मी फोन ठेवला.

शनिवारी शाळा लवकर सुटते. घरी आले तर अनुजा भिंतीशी उभी. ती कधी गप्पा मारायला उभी राहत नाही, तिला तेवढी सवड मिळत नाही. इकडेतिकडे बघून म्हणाली, "वैनी, उद्या गडहिंग्लजचं पावणं येणार हायत. गाडी बघायला."

"कुणाची गाडी?"

"तुमचीच की. ह्यांनी ठरवलंय. भावाची वस्तू चांगल्या घरात जाऊ दे म्हणत होते."

मला राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली. रोज शाळेत मी मुलांना सांगते, आधी बघा, मग हात लावा. आणि स्वतःच्या गाडीच्या कुलपात मी आठवडाभर एका माणसाला वाटेल ते ओतू दिलं, केवळ तो मोठ्या आवाजात बोलतो म्हणून.

पातळ भाजी मंद गॅसवर तशीच ठेवून मी कपाटातली दुसरी चावी काढली. गाडी घेतल्यापासून ती वापरलीच नव्हती. दोन्ही चाव्या शेजारी ठेवल्या. नव्या चावीचे दात धारदार होते. रोजच्या चावीचे दात झिजून गोल झालेले, त्यात हंबीररावांचा वाक. त्या चावीच्या कडीत मी शाळेच्या तीन कपाटांच्या, घराच्या आणि गोदरेजच्या अशा सगळ्या चाव्या अडकवत होते. एवढा गुच्छ रोज कुलपातून लोंबत असेल तर कुलूप झिजणारच. हे पाप माझं.

बाकीचं पाप कुलपात होतं. बॅटरीची एक तार सोडवली. मग प्रयोगशाळेत विजेचे सांधे साफ करायला वापरतो तो फवारा, स्टँडजवळच्या दुकानातून तसाच एक येताना घेतला होता, तो नळीनं कुलपात मारला. चावी आत घातली, बाहेर काढली, फडक्याला पुसली. फडक्यावर काळा, चिकट लगदा. खोबरेल, मशीनचं तेल आणि उचगावच्या रस्त्याची धूळ. पुन्हा फवारा, पुन्हा चावी, पुन्हा फडकं. सात-आठ वेळा केल्यावर चावी कोरडी यायला लागली.

तासभर कुलूप वाळू दिलं. तोवर सुताराच्या जाड पेन्सिलीचं शिसं पॉलिश पेपरवर घासून त्याची बारीक पूड केली. शाळेच्या कपाटांची कुलपं मी वीस वर्षं अशीच चालू ठेवली आहेत. पूड घसरती असते आणि ती धूळ धरत नाही. तेल धरतं. हे सातवीच्या पोराला सांगितलं तर कळतं. नवी चावी पुडीत घोळवून आत-बाहेर केली, बॅटरीची तार जोडली आणि चावी फिरवली. अर्ध्यात अडली. मग लक्षात आलं, पुढची चाकं पायरीला टेकून वाकडी उभी होती, त्यामुळं स्टिअरिंगचं कुलूप ताणात होतं. डाव्या हातानं स्टिअरिंग किंचित हलवलं, उजव्या हातानं चावी. दोन बोटांनी फिरली. गाडी सुरू झाली आणि स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला.

रविवारी सकाळी पाहुणे आले. श्रीशैल नाव, साधा माणूस, गडहिंग्लजला दुकान. हंबीरराव त्यांना घेऊन माझ्या फाटकातून मला न विचारता आत शिरले.

"कुलूप तेवढं गेलंय," हंबीरराव सांगत होते, "बाकी गाडी सोनं हाय."

मी बाहेर आले, गाडीत बसले आणि चावी फिरवली. इंजिन लागलं. बंद केलं. पुन्हा लावलं.

हंबीररावांनी एकदा चावीकडे बघितलं. त्यांना तेवढाच वेळ लागतो. "बघा," ते म्हणाले, "मी घातलेलं तेल मुरलं. मुरायला आठवडा लागतोयच."

मी कालचं फडकं आणून श्रीशैलना दाखवलं. त्यांनी वास घेतला.

"खोबरेल हाय व्हय हे?"

"त्यांना विचारा," मी म्हटलं.

"अहो, कुलपात कोण घालतंय खोबरेल? सगळी माती धरून बसतंय ते." मग ते माझ्याकडे वळले. "ताई, गाडी कशाला इकताय? चांगली हाय की."

"मी विकत नाही. मला कुणी विचारलंही नाही."

श्रीशैल हंबीररावांकडे बघत राहिले. "मग मला बसनं हितवर का आणलासा?"

हंबीरराव म्हणाले, घरातली गोष्ट हाय, बसून बोलू. कुणी बसलं नाही. मी पाहुण्यांना चहा दिला आणि गाडीनं स्टँडपर्यंत सोडून आले. हंबीरराव फाटकात उभे होते. त्यांना चला म्हटलं नाही.

आठवड्यात गावभर झालं की गाडी तेलानंच सुरू झाली, फक्त वैनींना श्रेय द्यायचा मोठेपणा नाही. आदर्शचा फोन आला, "काकांचं बरोबर निघालं की." मी त्याला फडक्याचं सांगत बसले नाही.

पुढच्या रविवारी दुपारी अनुजा आली. पदर खोचलेला, पायात बूट. तिच्या मुलीचे असावेत, तिला मोठे होत होते.

"वैनी, मला शिकवशिला?"

"त्यांना सांगितलंस?"

"न्हाय. त्यांनी गाडी इकायची ठरवली तवा तुमाला सांगितलं हुतं का?"

मी तिला शाळेमागच्या मोकळ्या मैदानात नेलं. गाडी चार वेळा बंद पडली. पाचव्या वेळी हिसका देऊन पुढं गेली आणि थेट गवतात शिरली. अनुजा माझ्याकडे बघत राहिली, मी आता काय म्हणते त्याची वाट बघत.

रागवायला तिच्या घरी माणूस आहे.

"परत लाव," एवढंच सांगितलं.