दहा मिनिटांचं नाटक

आमच्या फ्रिजवरच्या यादीचे तीन कायदे होते. झालेल्या कामापुढे बरोबरची खूण. राहिलेल्या कामापुढे बाण, म्हणजे ते उद्याच्या यादीत. आणि जे करायची आता गरजच उरली नाही, त्या कामावर आडवी रेघ.

कायदे माझेच. माझ्या लेकीला, भिंगरीला, शाळेतून काढून घरी शिकवायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांनी कपाळाला हात लावला. तिचे बाबा वर्षापूर्वीच वेगळे राहायला गेले होते. ते फोनवर म्हणाले, "घर आणि शाळा दोन्ही? तुला नाही जमायचं." मला कुणी असं म्हटलं की माझं डोकंच फिरतं. दुसऱ्याच दिवशी मी पट्टीने रेघा मारून यादी चिकटवली. अपूर्णांक, भांडी, शुद्धलेखन, जिना झाडणे, नकाशा, इस्त्री. एका हाताने भाजी ढवळायची, दुसऱ्या हाताने वही तपासायची.

यादीच्या तळाशी एक ओळ भिंगरीच्या अक्षरात असे. ‘आईला नाटक दाखवणे, दहा मिनिटं.’ मोज्यांच्या बाहुल्या करून तिने ते स्वतः रचलं होतं. रोज संध्याकाळी मी त्यापुढे बाण काढत असे. एकवीस दिवस काढला.

मग बाबांनी तिला आपल्याकडे राहायला बोलावलं. तिकडे शाळाही होती. दहा वर्षांची आहे, तिलाच शनिवारी ठरवू दे, असं आमच्यात ठरलं. ती मला सोडून जाणार नाही असं मी सगळ्यांना सांगत होते, पण माझी मलाच खात्री नव्हती. म्हणून मी बेत केला. शुक्रवारी यादीचा फडशा पाडायचा आणि शनिवार अख्खा तिला द्यायचा.

शुक्रवारी मी झपाटल्यासारखी कामं उरकली. शेवटचं राहिलं ‘मोजे धुणे, जोड्या लावणे’. सहा मोजे कमी पडत होते. ते पलंगाखालच्या खोक्यात सापडले. डोळ्यांच्या जागी बटणं शिवलेली, तोंडं रंगवलेली. मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. पण त्यांच्यावाचून जोड्या लागत नव्हत्या. पुन्हा शिवता येतील म्हणत मी बटणं कापली, रंग घासून काढला, मोजे वाळत घातले आणि बरोबरची खूण केली.

शनिवारी सकाळी मी ऐटीत खुर्ची ओढून बसले. "चला बाईसाहेब, होऊ दे नाटक सुरू!"

भिंगरी दारात उभी होती. हातात मोज्यांच्या तीन जोड्या, मीच घडी घातलेल्या.

"राहू दे आई."

"अगं, आज मला एकसुद्धा काम नाही!"

"माहितेय. पण ते आता नाही करायचं."

रडली असती, भांडली असती, तर मी तिला पोटाशी धरून माफी मागितली असती. तिने शांतपणे मोजे बॅगेत ठेवले. "मी बाबांकडे जाते. तू रागावू नकोस हं."

मी फ्रिजकडे पाहिलं. तिच्या ओळीवर आडवी रेघ होती. पट्टीने मारलेली, अगदी सरळ. तशी मारायला मीच शिकवलं होतं.

आता यादी एकटीची. अकरा वाजताच संपते. बारा बटणं ओट्यावरच्या वाटीत पडून आहेत. रोज मी तळाशी लिहिते, ‘नाटक बघणे, दहा मिनिटं.’ आणि संध्याकाळी त्यापुढे बाण काढते.