भाऊबिजेचा भाडेकरू

कमळे, तू फक्त ऐक. मध्ये एक अक्षर बोलू नकोस. हंडा लाव रांगेत, पण कान इकडे दे. आणि माझ्या मुठीत काय आहे ते आत्ता विचारू नकोस, शेवटी दाखवते.

आमचा आनंदामामा आहे ना, तो आमचा मामा नव्हे.

बघ, उघडलंस तोंड! ऐक म्हटलं ना. तो आमचा कुणीच नव्हे. पोटभाडेकरू. आधी माझ्या गळ्याची शपथ घे, कुणाला सांगणार नाहीस म्हणून. घेतलीस? बरं.

आबांची छाती तुला ठाऊकच आहे. साचेखात्यात जन्मभर कापसाची धूळ गिळली, आता आज कामावर तर उद्या अंथरुणावर. खाडे वाढले, पगार आटला. आणि खोली पडली गिरणीची. आबांचं नाव पटावर आहे तोवर डोक्यावर छप्पर. त्यात तो नियम, जिन्याखाली पाटीच लावलीय, नात्याबाहेरचा माणूस घरात ठेवायचा नाही. ठेवला की बिऱ्हाड रस्त्यावर, वर आबांची नोकरीही गेली. बाबुराव मुकादम तर टपूनच बसलाय. त्याच्या जावयाला खोली पाहिजे हे चाळीतल्या उंदरांनापण माहीत आहे.

तरी ठेवला आम्ही. काय करणार? चूल पेटायला नको? आबांनीच कुठून तरी आणला त्याला. पलीकडच्या गिरणीत रातपाळीला होता, खाणावळीच्या जिन्यात झोपायचा. ट्रंक डोक्यावर घेऊन चढत होता नि जिन्यातच बाबुराव भेटला. "कोण हो पाहुणे?" आबांना तर ठसकाच लागला. आणि आमची आई, भाजीवाल्याशीसुद्धा जिला खोटं बोलता येत नाही, ती कठड्यावरून म्हणाली, "माझा भाऊ तो."

झालं. आनंदा झाला आनंदामामा.

पहिले काही महिने मला तो डोळ्यासमोर नको व्हायचा, खरं सांगते. रातपाळीचा माणूस म्हणजे दिवसा झोपणार. एकच खोली, आणि मधोमध हा आडवा! आम्ही सगळे कुजबुजत जगायचो गं. पळी भांड्याला लागता कामा नये. आई मसाला कुटायला गॅलरीत जायची. मी वेणी घालायला मोरीच्या आडोशाला. आणि आबा... आबा खोकला आला की पंचा तोंडात कोंबायचे. स्वतःच्या घरात! का, तर भाडेकरूची झोप मोडली नि तो दुसरीकडे गेला तर? मला इतका राग यायचा, वाटायचं त्याच्या कानाशी जाऊन पाटा आपटावा.

पण माणूस वाईट नव्हता. उठला की मुकाट्यानं पाण्याचे हंडे भरायचा. आबांच्या पाठीला तेल चोळायचा. आणि जीभ अशी तिखट! आईच्या आमटीत पळी घालून म्हणायचा, "ताई, डाळ शोधायला आगबोट सोडावी लागेल." आई म्हणायची, "मेल्या, तुझ्या नारळाचे पैसे दे, दाट करते." आबा पंच्याआडून हसायचे. बऱ्याच दिवसांनी हसले होते ते.

बाबुरावाला मात्र चैन नव्हतं. एकदा नळावर, सगळ्यांच्या देखत म्हणतो, "सुभद्राबाई, भाऊ काही तुमच्या तोंडावळ्याचा वाटत नाही."

आई म्हणाली, "मी आईवर गेले, तो बापावर."

"आणि मुकादम, तुम्ही कुणावर गेलात?" मामा म्हणाला. "दोन्हीकडचे नाही म्हणताहेत."

अख्खा नळ हसला, तूपण हसलीस. पण बाबुरावाच्या मनात ते रुतलं. दिवाळी आली तसा तो गॅलरीत येऊन उभा. "भाऊबीज आहे ना? आम्हालाही बघू द्या बहिणीची माया. की आत दार लावून करता?"

मग आईनं काय केलं, तू होतीस की, करंजी खात होतीस. आईनं गॅलरीतच पाट मांडला. रांगोळी घातली. मामाला नवा सदरा घालून बसवला. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजन ओवाळलं. सगळी चाळ बघत होती. मामानं तबकात खण ठेवला, हिरवा, लाल काठाचा. आणि आईच्या पाया पडायला वाकला तो वाकलेलाच राहिला. डोळे पुसत होता गं. त्याला बहीण नव्हती, कधी कुणी ओवाळलंच नव्हतं. बाबुराव निघून गेला.

मी आत येऊन आईला म्हटलं, "काय नाटक केलंस!"

आई तबक पुसत होती. म्हणाली, "मी नाटकच केलं गो. पण निरांजनाला काय ठाऊक?"

त्या दिवसापासून काहीतरी बदललं. आई त्याला भाडेकरूसारखं वाढेना. खरपूस भाकरी त्याच्या ताटात, मला करपलेली. त्यानं सांगितलं की गावाकडच्या माणसाबरोबर बायकोला निरोप धाडलाय, मला मुंबईत बहीण मिळाली, आता काळजी करू नकोस. बायको आहे त्याला, सुंदरा. हे आम्हाला तेव्हा कळलं.

आणि मग फाउंटनचा तो दिवस.

सकाळी पाळीवरून आला नि अंथरूणच घालीना. डोळे लालभडक. आई म्हणाली, "जरा पड रे. मोर्चे काय, रोजचेच आहेत."

"ताई, मुंबई गेली तर झोपून काय करू?" म्हणाला. टोपी घातली. दारातून मागं वळला नि मुद्दाम मोठ्यांदा म्हणाला, "आज खुशाल मसाला कूट. अंबे, भांडी आपट. आबा, भरपूर खोका. आज झोपायला कुणी नाही घरात."

आणि खरंच गं, आईनं त्या दिवशी आत बसून मसाला कुटला. आम्ही दुपारभर मोठमोठ्यानं बोललो. सणासारखं वाटलं. मी गाणं म्हटलं, कमळे. तिकडे गोळीबार चालला होता नि मी इकडे गाणं म्हणत होते.

तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या खात्यातला एक माणूस आला, दाराला पाठ लावून उभा राहिला. म्हणाला, "पुढं होता तो. मी बघितलं पडताना. लॉरीत घातलं. इस्पितळात चौकशी करा, पण... जिवंत म्हणून नका विचारू."

आई नि मी गेलो. आबा खाटेवरून उठेनात. निघताना त्यांनी आईला एवढंच सांगितलं, "सुभद्रे, काय बोलायचं ते जपून बोल."

तिथं काय होतं ते नाही सांगत तुला. वास अजून नाकात आहे. चादर बाजूला केली नि मामाच होता. भाऊबिजेचाच सदरा. त्याचं वरचं बटण तुटलेलं, ते आईनं लावलेलं, सदरा पांढरा नि दोरा निळा, कारण घरात दुसरा दोरा नव्हता. मी त्या निळ्या दोऱ्याकडेच बघत राहिले. तोंडाकडे बघवेना.

हवालदार आपल्यातलाच होता. आवाज बसलेला त्याचा. म्हणाला, "बाई, तुमचा आहे का? असेल तर नाव, गाव, नातं सांगा. राहत्या जागी चौकशी होईल, गिरणीत विचारतील, खात्री झाली की ताब्यात देतील."

राहत्या जागी चौकशी! म्हणजे कोण येणार पुढं? बाबुराव. आणि आई काय सांगणार? सख्खा भाऊ म्हणावं तर हिच्या बापाचं नाव एक, त्याच्या बापाचं दुसरं, गिरणीत लगेच उघडं पडणार. भाडेकरू म्हणावं तर खोली गेली. आबांना घेऊन जायचं कुठं? तो जिनासुद्धा उतरवत नाही त्यांना.

आईचा हात माझ्या खांद्यावर होता. बोटं अशी रुतली, हे बघ, अजून वळ आहे.

आई म्हणाली, "आमचा नव्हे हा."

हवालदार म्हणाला, "नीट बघा, बाई."

आईनं परत बघितलं. चांगलं डोळे भरून बघितलं. आणि म्हणाली, "नव्हे."

मग पोलिसांनीच कुठं तरी बाकीच्यांबरोबर अग्नी दिला म्हणतात. कुठं ते विचारायची सोय नाही. विचारणार कोण म्हणून?

घरी येऊन आईनं डोक्यावरून पाणी घेतलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अवेळी गं का न्हायलीस?" आई म्हणे, उष्णतेनं डोकं दुखतंय. मग देवाला शिवली नाही, दिवा मीच लावायचे. सुतक पाळत होती गं ती, कुणाला कळू न देता. रडायचं तर तोंड पाण्याच्या पिंपात घालून. आणि आम्ही परत कुजबुजायला लागलो. कुणी सांगितलं नाही, आपोआपच. आबांनी परत पंचा घेतला तोंडात.

बाबुराव विचारायचाच, "भाऊ दिसत नाही?" आईनं ठोकून दिलं, "गावाला गेला, बायकोकडं. इथं दंगल फार."

आता आजचं ऐक. आत्ताचं. रांग सरकली की हंडा सरकव, पण ऐक.

जिन्यावर बाबुरावाचा आवाज आला. "सुभद्राबाई, बघा कोण आलंय! तुमची भावजय!"

मागे एक बाई. काखेत पोर, डोक्यावर बोचकं. आजच्याच बोटीनं आलेली, भाऊच्या धक्क्यावरून विचारत विचारत. मुंबईत गोळीबार झाला ऐकलं नि नवऱ्याचा निरोप नाही म्हणून घाबरून निघाली. आईला बघितलं नि अशी हसली, जणू माहेरीच आली. "वन्सं," म्हणाली, "तुमच्यासाठी कोकमाची सोलं आणलीत. नि कुळथाचं पीठ." आणि आईच्या पायाशी वाकली.

मग तिनं घरात बघितलं. आबा पंचा तोंडाशी धरून बसलेले, आम्ही सगळे गप्प. तिनं आवाज एकदम खाली आणला. मामानं तिला निरोपातून सगळं कळवलेलं ना, की तो झोपला की घर कसं कुजबुजतं. कोपऱ्यातल्या वळकटीकडे बघत, हळूच म्हणाली, "रातपाळी ना त्यांची? निजलेत काय?"

बाबुराव दारातच टेकून उभा. "निजलेत कसले वहिनी! तो तर तुमच्याकडंच गेलाय गावाला. काय सुभद्राबाई?"

आई म्हणाली, कशी म्हणाली देव जाणे, "चुकामूक झाली असेल गो. तो तिकडच्या बोटीत, तू इकडच्या."

आणि ती हसली! पदर तोंडाला लावून हसली, कमळे. "तसेच आसत ते. निघताना एक निरोप धाडतील तर शपथ." तिनं त्याची ट्रंक ओळखली, जवळ ओढली, पदरानं धूळ पुसली. पोराला म्हणते, "ही बघ, बाबाची पेटी."

आबांनी भिंतीकडे तोंड केलं.

बाबुराव हलेना. त्याला वास लागलाय काहीतरी. म्हणाला, "अहो, भावजय पहिल्यांदा उंबरठा ओलांडून आली. नुसत्या उभ्या काय? कुंकू तरी लावा."

सुंदरा लगेच पुढं सरकली. पाटावर बसली, डोळे मिटले, मान वर केली. तिचं कपाळावरचं कुंकू घामानं पसरलेलं. आईनं करंडा काढला. उघडला. बोट आत घातलं. आणि तसंच राहिलं ते बोट. इकडे ही डोळे मिटून वाट बघतेय, तिकडे दारात तो डोळे फाडून. लावावं तर मेलेल्या नवऱ्याचं कुंकू आईच्याच हातानं, जिनं त्याला ओवाळलं नि मग नाकारलं. आणि न लावावं तर बाबुरावाला कळलंच सगळं.

आईनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "अंबे, माझा हात ओला आहे. तू लाव."

करंडा माझ्या हातात. मी त्या बाईच्या पुढ्यात बसले. इतकी जवळ, की तिचा श्वास लागत होता मला. तिच्या पोरानं माझा परकर धरला. मी बोट टेकवणार, एवढ्यात खाली कुणीतरी ओरडलं, नळ आला, नळ आला. मी म्हटलं, "पाणी जाईल, आलेच हां मामी," आणि हंडा उचलून जी सुटले ती इथं.

हे बघ. तोच करंडा. मूठ उघडवत नव्हती मला. बोटं बघ, लाल झालीत सगळी.

ती अजून पाटावर बसलीय, कमळे. आई चुलीशी पाठ करून उभी असेल. तो मेला बाबुराव अजून दारात असेल. माझा हंडा भरत आला, मला वर जायलाच पाहिजे.

आता बोल. मघापासून बोलायचं होतं ना तुला? आता गप्प का? त्या पाटापुढं माझ्या जागी तू असतीस, तर तू काय केलं असतंस?