धाकट्याची किनार

मी एडिनबरोच्या कचेरीत मानचिन्हं रंगवते, म्हणजे ढालीवर काढलेली मानाची निशाणी. आमच्या स्कॉटलंडात मानचिन्ह सरकारदरबारी नोंदवावं लागतं, आणि ते आडनावाचं नसतं, एका माणसाचं असतं. दुसऱ्याचं चिन्ह आपल्या दारावर लावलंत तर खटला होतो. दुकानांत 'तुमच्या घराण्याचं चिन्ह' म्हणून पर्यटकांच्या गळ्यात कप मारतात ना, ते पाहिलं की माझं डोकंच फिरतं.

कोणी नवं चिन्ह मागायला आलं की 'कशाला?' हा प्रश्न मला गप्प बसू देत नाही. बहुतेकांना मिरवायचं असतं. मॅन्सी फूबिस्टरचं मात्र कोडं सुटेना. ऑर्कनी बेटांवरचा मेंढपाळ, साठी उलटलेला, कोटाला लोकरीचा वास. त्याने अर्ज केला होता तो वारलेल्या बापाच्या नावाने चिन्ह मिळावं म्हणून, आणि त्यात स्वतःला धाकटा मुलगा लिहिलं होतं.

"असं का केलंत?" मी विचारलंच. "स्वतःच्या नावाने मागितलं असतंत तर अख्खी ढाल तुमची झाली असती. वडिलांच्या नावाने घेतली की ती जाते थोरल्या मुलाकडे. धाकट्याला तीच ढाल मिळते, पण भोवती किनार मारून."

"ठाऊक आहे, पोरी."

"म्हणजे खर्च तुमचा आणि ढाल भावाची? असतो कुठे तो?"

"एर्लेंड? मेंढ्या सोडून तेलविहिरीवर गेला, म्हणून बापाने हाकलला. पुन्हा त्याचं नाव काढू दिलं नाही. थडग्यावरचा मजकूरसुद्धा म्हातारा सांगून गेला. त्यात मुलगा एकच, मी."

"मग सरळ जाऊन भेटा की भावाला."

"आणि त्याने दार लावून घेतलं तर? कचेरीच्या पत्राला कोणी दार लावत नाही." तो पुढे वाकला. "एक सांग. थोरला भाऊ नसता, तर मला किनार लागली असती?"

"नाही."

"झालं तर! किनार आहे म्हणजे मला भाऊ आहे. कायद्याने. आता रंगवतेस, का अजून उलटतपासणी बाकी आहे?"

मी कुंचला उचलला. निळ्या ढालीवर रुपेरी मेंढा, तोंडात समुद्राचं शेवाळ, त्यांच्याकडच्या मेंढ्या तेच खातात. एक ढाल साधी, दुसरी सोनेरी किनारीची. ती किनार मी जितकी मन लावून ओढली, तितकी कुठल्या सरदाराचीही ओढली नसेल.

मॅन्सीने भावाचा पत्ता कुठून तरी मिळवला होता. कचेरीचं पत्र तिथे गेलं आणि काही दिवसांनी एर्लेंड तणतणतच माझ्यासमोर उभा राहिला. नाक थेट मॅन्सीचं.

"त्या म्हाताऱ्याचं मला काही नको! मॅन्सीला देऊन टाका."

"देता येत नाही. ही साधी ढाल तुमची आहे. मॅन्सीने लावली तर तो गुन्हा होईल." मी दुसरा कागद पुढे सरकवला. "त्यांची ही."

"याला किनार कशाला?"

"थोरला भाऊ आहे म्हणून. त्यांनी मुद्दाम मागून घेतली."

त्याने कागद उचलून किनारीवरून बोट फिरवलं. मग खुर्ची ओढून बसला. "गाढव आहे," तो म्हणाला, "लहानपणापासून गाढव." आणि बाहीने डोळे पुसले.

"त्याचा नंबर असेल ना तुमच्याकडे?"

नंबर कुणाला द्यायचा नाही, असा आमचा नियम आहे. मी स्वतःच फोन लावला आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला.

"कोण आहे?" पलीकडून मॅन्सी खेकसला. मागे मेंढ्या ओरडत होत्या.

"थोरला," एर्लेंड म्हणाला.