लोकादीचा कुमसार

लोकादीने झारीची चोच मूर्तीच्या पाठीतल्या भोकात घातली आणि पाणी सोडलं. समोरून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, ही म्हातारी मारियामायचा निळा झगा पुसतेय. खांद्यावर फडकं होतंच. प्लास्टरची मूर्ती, कंबरेइतकी उंच, आतून पोकळ. साच्यातून काढताना पाठीला बोटाएवढं भोक राहिलेलं, त्यावर मुंबईच्या कारागिराने कागद चिकटवून रंग दिला होता. तो कागद लोकादीने नखाने सोलून काढला, त्यालाही आता सहा महिने झाले.

“पी,” ती पुटपुटली. “तुझा काही दोष न्हाय गं बाय. पण पी.”

पाणी साधं नव्हतं. मिठागरात मीठ काढून झालं की जे कडूजहर पाणी मागे उरतं, ते. पलीकडच्या पाड्यातला हिरामण आगरी तिला मडकंभर आणून द्यायचा. कशाला लागतं म्हणून त्याने विचारलं, तेव्हा गुडघे शेकायला, असं तिने सांगितलं होतं. आतापर्यंत नेलेल्या पाण्यात अख्खी म्हैस शेकून निघाली असती, पण हिरामण भला माणूस, त्याने पुन्हा विचारलं नाही.

झारी रिकामी झाली. लोकादीने ती कपाटामागे ठेवली, हात पुसले, वेदीपुढे रीतसर गुडघा टेकला आणि तशीच कुमसाराच्या खोक्याकडे गेली. शनिवार होता. लाकडी जाळीपलीकडे फादर कुतिन्हो बसले होते. कुमसार म्हणजे पापाची कबुली; ती दिल्याशिवाय रविवारी भाकरीच्या रूपातला देव जिभेवर घ्यायचा नाही, हे लोकादीला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. पाप करणं वेगळं आणि पाप पोटात ठेवून देव घेणं वेगळं. दुसरं तिच्याच्याने झालं नसतं.

म्हणून ती सगळं सांगे. एकूण एक सांगे. फक्त आपल्या भाषेत.

खाडीकाठच्या त्या एका वाडीत किरिस्तांवांची स्वतःची भाषा होती. फिरंगी चारशे वर्षांपूर्वी आले, जाताना आपली बोली मोडकीतोडकी टाकून गेले आणि यांनी ती उचलून घरात वाढवली. बाजारात मराठी, चुलीपाशी ‘नो लींग’, म्हणजे आपली भाषा. मुंबईहून आलेल्या पाद्र्याला ती कुठून येणार? पहिल्याच वेळी लोकादीने तोंड वाकडं करून सांगितलं होतं, “पाद्रीबाबा, मला मराठीत पाप सांगता येत न्हाय.”

“ज्या भाषेत पाप केलं असेल त्या भाषेत सांगा,” ते म्हणाले होते.

मग काय, रानच मोकळं! मराठीत ज्यांना अहो-जाहो करावं लागे, त्यांना ती जाळीशी तोंड नेऊन सरळ तू म्हणे. “आज मी पुन्हा तुझ्या बाहुलीला पाणी पाजलं. तुझं वाटोळं होवो असं पाच वेळा म्हणाले. स्वयंपाक करताना सहाव्यांदा. तू सणाच्या दिवशी सगळ्या गावापुढे तोंडावर पडशील, ते बघायला मला जगायचंय.” पलीकडून खोकला ऐकू येई. मग मराठीत, “दहा नमो मारिया म्हणा,” मग हलक्या आवाजात लातीन, हवेत एक क्रूस. लोकादी पदर सावरून बाहेर पडे. ज्याच्याविरुद्ध पाप, त्याच्याच हातून माफी! घरी जाताना तिला हसू आवरत नसे.

हे सगळं कशावरून, ते वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं.

आदल्या वर्षी वर कुठेतरी ठरलं, की इथे आता गोव्याचे पाद्री यायचे नाहीत, मुंबईचे येतील. एकोणीसशे एकोणतीसच्या फेब्रुवारीत फादर कुतिन्हो रेवदंड्याच्या धक्क्यावर उतरले. तिशीतला माणूस, चकचकीत बूट, कोरी पुस्तकं. महिन्याभरात त्यांनी देऊळ झाडून काढलं. जुन्या फिरंगी प्रार्थना बंद, यापुढे मराठीत म्हणायच्या. लग्नातलं व्हायोलिन देवळात नको. आणि रोझारी माय नको.

रोझारी माय सागवानाची होती. डावा गाल थोडा तडकलेला. तिला नेसवायचा मान लोकादीच्या घराचा, तिच्या आजीच्या आजीपासूनचा. दर शनिवारी दार लावून, पुरुषमाणसाला बाहेर काढून, बायका तिचे कपडे बदलत. तिला खरे केस होते. वाडीत कुणी कुमारी मुलगी गेली तर तिचे केस मायला द्यायचे, अशी रीत. अठराच्या साथीत लोकादीची फ्लोरी तीन दिवसांत गेली. तेव्हापासून मायच्या डोक्यावर फ्लोरीचे केस होते. अकरा वर्षं लोकादीने दर शनिवारी त्यांना खोबरेल लावलं, विंचरलं, वेणी घातली. पोरगी मातीत गेली असं तिला कधी वाटलंच नाही. निदान शनिवारी तरी नाही.

फादर कुतिन्हो वेदीवरून म्हणाले, “ही काय गावदेवी आहे, लुगडं नेसवायला? ख्रिस्ती माणसांनी बाहुल्या खेळू नयेत.” त्यांनी मायला मागच्या खोलीत ठेवलं आणि तिच्या जागी मुंबईहून आणलेली प्लास्टरची नवी माय बसवली. कसर लागलेले कपडे आणि ‘ते जुनाट केस’ देवळामागे नेऊन जाळले. शुक्रवारी जाळले. शनिवारी लोकादी तेलाची वाटी घेऊन आली तेव्हा राखसुद्धा वाऱ्याने गेली होती.

ती ओरडली नाही, रडली नाही. वाटीतलं तेल तिने तिथेच पायरीवर ओतलं आणि घरी गेली. त्या दिवसापासून तिने डूख धरला.

तिची जाऊ मातिल्द म्हणालीही होती, “अगं, त्याला सांग तरी कुणाचे केस होते ते. त्याला काय माहीत?”

“मी सांगू? त्याला?” लोकादी फणकारली. “माझ्या पोरीचं नाव मी त्याच्या कानावर पडू देणार न्हाय.”

कुमसारात मात्र तिने त्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी ते नाव घेतलं होतं. पोरीपायी धरलेला डूख हे पाप होतं, सांगावंच लागलं. शिवाय त्याला कुठे कळत होतं?

ऑक्टोबरचा पहिला रविवार उजाडला. रोझारीचा सण. तांबड्या कपड्यातले चार जण नव्या मूर्तीची पालखी खांद्यावर घेऊन निघाले. मुंबईहून मूर्ती देणारे शेटसाहेब आले होते, त्यांच्याबरोबर बिशपांकडचे एक मोठे पाद्री. लोकादी मातिल्दला घेऊन पहिल्या रांगेत. मिरवणूक किनाऱ्याच्या वळणावर आली, उजवीकडच्या गड्याचा पाय वाळूत रुतला, पालखी एवढीशी कलली, आणि मायचे पाय गुडघ्यापासून निघाले. मोडले असंही म्हणवत नाही. ओल्या पिठासारखे खाली गळले. वरचं धड पालखीच्या दांड्यावर आपटून वाळूत गेलं. आतून तपकिरी पाणी आणि गंजलेल्या तारा.

बायका किंचाळल्या. मोठ्या पाद्र्यांनी वाकून भुगा बोटाने चाखला.

“मीठ,” ते म्हणाले.

लोकादीला पोटभर जेवल्यासारखं वाटलं. तिने फादर कुतिन्होंचं तोंड बघितलं. पांढरंफटक. बघून घे, ती मनात म्हणाली, नीट बघून घे.

दुपारी सगळ्यांना देवळात बसवून चौकशी झाली. कुणाला काहीच माहीत नव्हतं. शेवटी मोठ्या पाद्र्यांनी फादर कुतिन्होंकडेच मोर्चा वळवला.

“देऊळ तुमच्या ताब्यात. चावी तुमच्याकडे. महिनोन्महिने कुणीतरी हे करतंय आणि तुम्हाला पत्ता नाही?”

“मला काही सांगायचं नाही.”

“सांगायचं नाही, की माहीत नाही?”

फादर कुतिन्होंनी तेच उत्तर पुन्हा दिलं. शेटसाहेब खुर्चीवरून उठले. म्हणाले, माणूस बावळट तरी आहे किंवा सामील तरी. दोन आठवड्यांत पत्र आलं. त्यांना घाटावर, दुष्काळी मुलखातल्या कुठल्याशा ठाण्यावर धाडलं होतं, तेही दुसऱ्याच्या हाताखाली. इथे कुणीतरी वयस्कर पाद्री येणार होते. तोवर वेदी मोकळी नको म्हणून बाप्यांनी सागवानी रोझारी माय मागच्या खोलीतून बाहेर काढली आणि जागेवर बसवली. बोडक्या डोक्यावर मातिल्दने आपला पांढरा रुमाल बांधला.

लोकादीने उट्टं काढलं होतं, पुरेपूर.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी सकाळी फादर कुतिन्होंची पेटी होडीकडे गेली. ते स्वतः मात्र नेमाप्रमाणे कुमसाराच्या खोक्यात जाऊन बसले. देवळात चिटपाखरू नव्हतं. लोकादीला यायचं कारण नव्हतं, पण हा शेवटचा घास ती सोडणार होती थोडीच! तिने गुडघे टेकले, जाळीशी तोंड नेलं.

“मूर्ती मी मोडली,” ती आपल्या भाषेत म्हणाली. “तुला ठाऊक न्हाय आणि ठाऊक होणारबी न्हाय. तू चाललास, मला बरं वाटतंय. तिकडे तुला प्यायला पाणी न मिळो.”

खोकला आला नाही. दहा नमो मारियाही आल्या नाहीत.

“फ्लोरी केवढी होती?” पलीकडून आवाज आला.

“अकरा वर्षांची,” लोकादी म्हणाली.

म्हणाली, आणि मग तिला कळलं की प्रश्न मराठीत नव्हता. तिच्या भाषेत होता. तोही मोठ्या माणसासारखा नाही. तीन वर्षांचं पोर दूध मागतं, तशी बोबडी वळणं, बाईमाणसाच्या कडेवरची. तिने जाळीचं लाकूड घट्ट धरलं.

“मला सांभाळायला तुमच्या वाडीतली बाई होती,” ते त्याच भाषेत, शब्द चाचपत म्हणाले. “सेमिनरीत सगळे हसले ह्या बोलण्याला. मग मी कधी बोललो नाही. तू बोललीस तेव्हा सगळं कळलं. पहिल्या शनिवारीच.”

पहिल्या शनिवारी. म्हणजे केस कुणाचे ते. झारी. मिठागराचं पाणी. ते वाटोळं पाच वेळा, आणि सहाव्यांदा. कुमसारात ऐकलेलं पाद्र्याने मरेपर्यंत बाहेर काढायचं नाही. कुणाला सांगायचं नाही, त्यावरून मूर्ती जरा बाजूला सरकवायचीसुद्धा नाही. देवळातला सगळ्यात जुना कायदा तो. ह्या माणसाने देवळातलं जुनं ते सगळं उखडून फेकलं, असं ती मार्चपासून गावभर सांगत फिरली होती.

“मग मला माफी का देत राहिलास?” तिने विचारलं.

“नाही दिली. तुला पस्तावा कुठे होता? मी नुसता आशीर्वाद म्हणत होतो. लातीनमध्ये. माफीचे शब्द वेगळे.”

सात महिने. सात महिन्यांचे रविवार. दर रविवारी तिने जीभ पुढे करून देव घेतला होता, आणि पाप सगळं आत तसंच. जुन्या पाद्रीबाबांच्या तोंडचे ते माफीचे शब्द तिला पाठ होते; अर्थ नाही, पण आवाज पाठ होता. सूड उगवायच्या भरात तिने ऐकलंच नव्हतं, ते आहेत की नाहीत.

“आता तरी वाईट वाटतं?” त्यांनी विचारलं.

तिने पुष्कळ विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं. पण कुमसारात ती आजवर खोटं बोलली नव्हती.

“मूर्तीचं न्हाय वाटत.”

“मग मला आजही देता येत नाही.”

बाहेर होडीवाल्याने हाक मारली. ओहोटी लागायच्या आत निघायला हवं होतं, नाहीतर पलीकडची मुंबईची बोट चुकली असती. फादर कुतिन्हो उठले नाहीत. जाळीपलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता.

“केस मी जाळले,” ते म्हणाले. “मला कुणाचे ते माहीत नव्हतं. पण विचारलंही नाही. त्याची माफी मला इथे कुणी दुसरा देऊ शकत नाही. तू देशील?”

लोकादीने डोळे पुसले. पाणी कधी आलं होतं कोण जाणे.

“तुला वाईट वाटतं?”

“वाटतं.”

“खरंच वाटतं?”

“रोज.”

होडीवाल्याची दुसरी हाक आली, जरा तापलेली. लोकादी गुडघ्यावर हात दाबून उठली. जाळीला तोंड लावून ती हळूच, पण एकेक शब्द तोडून म्हणाली,

“तू मला सात महिने माफी दिली न्हाईस. मीबी देत न्हाय. तूबी सात महिने तसाच बस.”

ते खोक्याचं दार उघडून बाहेर आले, तिच्याकडे बघून मान लववली आणि दाराकडे निघाले. उन्हात त्यांचे बूट पूर्वीइतके चकचकीत नव्हते. लोकादी त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिली. मग तिने बोटं मुडपून महिने मोजले. नोव्हेंबरपासून सात, म्हणजे मेअखेर.

“पाद्रीबाबा!” तिने मराठीत हाक मारली. ते थांबले.

“मे सरता सरता शेवटची बोट असती. मग पावसाळ्यात बंद. तेवढं ध्यानात ठेवा.”